जमाखर्चाच्या वह्या आणि रणगाडे



एखाद्या देशाचे सरकार परकीयांनी उलथून पाडले, की स्वातंत्र्य, सुव्यवस्था, कम्युनिझमचा धोका अशा मोठ्या शब्दांची योजना होते. १९५३ साली इराणविषयी हेच झाले. वस्तुतः तेथील प्रश्न साधा होता. इराणच्या भूमीतून निघणाऱ्या तेलाचा जमाखर्च तपासण्याचा अधिकार कोणाचा?

१९०१ साली शहाने डार्सी नावाच्या धनिकाला तेलाचा मक्ता दिला. १९०८ मध्ये तेल लागले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. मक्तेदार आणि साम्राज्यसत्ता एकच झाली! दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ही कंपनी लंडनच्या खजिन्यात जो कर भरी, तो इराणला मिळणाऱ्या स्वामित्वधनाहून मोठा होता. १९४६ मध्ये तेथील कामगारांनी संप केला, तेव्हा ब्रिटनने शेजारच्या बसऱ्याला लष्करी तुकडी उतरवली. ती तुकडी हिंदी सैनिकांची होती, आणि दिल्लीत हंगामी सरकार अधिकारावर येण्यास अवघे काही आठवडे उरले होते, हे आपण विसरता कामा नये.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. एप्रिलमध्ये मोहम्मद मोसद्देग पंतप्रधान झाले. नुकसानभरपाईची तरतूद कायद्यातच होती, तेव्हा ही लूट होती असे म्हणता येणार नाही. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार पुकारला. १९५२ मध्ये हे तेल नेणारे ‘रोझ मेरी’ जहाज एडनला अडवले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै १९५२ मध्ये हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निर्णय दिला. न्यायालयाचे ब्रिटिश अध्यक्षही बहुमताच्या बाजूने होते. कायद्याची वाट अशी खुंटल्यावर कटाची वाट धरली गेली.

मोसद्देगांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. ऑगस्ट १९५३ च्या सार्वमतात ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मतपेट्या वेगळ्या ठिकाणी ठेवल्या गेल्या. गुप्त मतदानाची ही पायमल्ली लोकशाही समाजवाद्यांनी झाकू नये. परंतु त्या चुकीचा न्याय इराणी जनतेने करावयाचा होता. १९ ऑगस्टला तो रणगाड्यांनी केला. या कटात आपला हात होता हे अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या कागदपत्रांतून २०१३ मध्ये अधिकृतपणे मान्य झाले. मोसद्देगांना तीन वर्षांचा तुरुंगवास घडला. पुढे १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अहमदाबाद गावी स्थानबद्ध होते.

१९५४ मध्ये तेलाचा कारभार परदेशी कंपन्यांच्या संघाकडे गेला. त्यात ४० टक्के वाटा जुन्या ब्रिटिश कंपनीचा, ४० टक्के अमेरिकी कंपन्यांचा, उरलेला डच व फ्रेंच हितसंबंधांचा. बहिष्कारापूर्वी ज्यांचा तेथे काडीचाही वाटा नव्हता, ते अमेरिकी आता बरोबरीचे भागीदार झाले. तेल इराणच्या मालकीचे हे तत्त्व कागदावर कायम राहिले, नफ्याची निम्मी वाटणीही ठरली. मात्र इराणी हिशेबतपासनिसांना संघाच्या वह्या पाहू द्यावयाच्या नाहीत आणि संचालक मंडळावर इराणी माणूस घ्यावयाचा नाही, हेही त्याच वेळी ठरले.