खांदा साथ देत नाही? मग क्रॉसबो कसा निवडायचा

भारतात शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण मी राहतो ओहायोत. इथे लायसन्स आणि डिअर परमिट काढून क्रॉसबोने हरणाची शिकार करता येते. ऑपरेशननंतर माझा उजवा खांदा अर्धाच उचलला जातो, त्यामुळे साधं धनुष्य ताणून धरणं जमत नाही. क्रॉसबोची दोरी एकदा ताणली की ट्रिगर दाबेपर्यंत अडकून राहते.

दुकानदार स्पीड सांगेल. तुम्ही विचारा, दोरी ताणायची कशी? हुकवाल्या दोरीने १५० पौंडांचा जोर साधारण निम्मा होतो. क्रँक असेल तर नुसतं हँडल फिरवायचं. बाण न सोडता ताण उतरवता येतो का, हेही विचारा. बाण न लावता ट्रिगर दाबला तर क्रॉसबो तुटू शकतो.

वजन ट्रायपॉडवर टाका, अंगठा दोरीच्या वाटेत आणू नका. झाडावर चढण्यापेक्षा जमिनीवरच्या ब्लाइंडमध्ये बसा. आणि ३० यार्डांपलीकडचं हरीण सरळ जाऊ द्या. नेम चुकला तर ते तडफडत पळतं, आणि त्याचा माग काढणं ही आपलीच जबाबदारी असते. तेवढं चालणं झेपणार नसेल, तर सोबत कुणीतरी हवंच.