तुलनेचे दोन प्रकार



आजचा विषय प्रत्येकाच्या घरात शिरलेला आहे. २०१६ नंतर आपल्या देशात मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याचा पडदा चुलीपासून अंथरुणापर्यंत आपल्या सोबत आला. या पडद्याने माणसाचे समाधान वाढविले की घटविले, याचा निर्णय आपण रागाने वा मोहाने न करता पुराव्याने केला पाहिजे.

असा पुरावा उपलब्ध आहे. फेसबुक २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. आरंभी ते सर्वांस खुले नव्हते. एकामागून एक महाविद्यालयांस ते मिळत गेले. काहींना लवकर, काहींना उशिरा. या अंतराचा उपयोग करून संशोधकांनी तेथील विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास केला. २०२२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य ढासळले. इतरांशी तुलना करून स्वतःस कमी लेखणे, याकडे त्यांनी कारण म्हणून बोट दाखविले.

असे का व्हावे? शेजारी आपणांस रोज दिसतो. त्याचे कर्ज, त्याचे आजारपण, त्याच्या घरातील कटकट आपणांस ठाऊक असते. पडद्यावर मात्र त्याच्या वर्षातील चार सोहळेच दिसतात. आपण आपल्या संपूर्ण वर्षाची तुलना त्या चार दिवसांशी करतो आणि खंतावतो.

तर मग तुलना करूच नका, असे मी सांगावे काय? मुळीच नाही! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यात समाधान मानण्याचा उपदेश झाला, त्यांना तो पुन्हा नको. तुलना दोन प्रकारची असते. पलीकडच्या वस्तीत नळाला पाणी येते, मग आमच्या वस्तीत का येत नाही? ही तुलना माणसास जागे करते, अर्ज लिहावयास लावते, चार जणांस एकत्र आणते. त्यांच्या लग्नात एवढा थाट, मग माझ्या मुलीच्या लग्नात का नसावा? ही तुलना माणसास सावकाराच्या दारी नेते. पहिलीतून हक्काची जाणीव जन्मते. दुसरीतून केवळ लाज.

२०१८ साली अमेरिकेत एका प्रयोगात काही लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवले. त्यांचा दररोज सुमारे एक तास वाचला. त्यातील काही वेळ आप्तमित्रांच्या वाट्यास आला आणि समाधान थोडे वाढले. परंतु त्यांचे बातम्यांविषयीचे ज्ञानही घटले. लाभ आणि हानी एकाच साधनात आहेत. निवड आपणांस करावयाची आहे.

म्हणून फोन खाली ठेवताना स्वतःस एवढेच विचारा : आता जे पाहिले त्याने काही करावयाचे सुचले, की नुसतेच उणे वाटले? सुचले असेल तर कामास लागा. उणे वाटले असेल तर उद्याचा तो तास मुलांच्या अभ्यासापाशी बसून घालवा.