दूर गेलेला स्वर

मनुष्याच्या कर्तृत्वानें मन थक्क व्हावें, आणि त्याच क्षणीं ‘हें सारें कशासाठीं?’ हा प्रश्नहि उभा राहावा, असे प्रसंग इतिहासांत पुष्कळ आहेत. ता. ५ सप्टेंबर १९७७ रोजीं अमेरिकेंतून सुटलेल्या ‘व्हॉयेजर १’ या यानाची कथा श्रोत्यांस अशाच विचारास प्रवृत्त करील.

गुरु व शनि या ग्रहांचें जवळून निरीक्षण करावें, हें त्याचें नेमून दिलेलें कार्य. तें त्यानें १९७९ व १९८० सालीं पार पाडलें; पण त्याची गति थांबली नाहीं. सन २०१२ मध्यें सूर्यापासून वाहणाऱ्या कणप्रवाहाची सीमा ओलांडून तें ताऱ्यांमधील पोकळींत शिरलें. मनुष्यानें घडविलेली दुसरी कोणतीहि वस्तु इतकी दूर गेलेली नाहीं. त्याच्या प्रेषकाची शक्ति अवघी सुमारें २३ वॅट, म्हणजे घरांतील एखाद्या मंद दिव्याएवढी. तरी तो क्षीण संदेश बावीस तासांहून अधिक काळ प्रवास करून पृथ्वीवर ऐकूं येतो.

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे. कार्ल सेगन यांच्या समितीनें तींत ५५ भाषांतील अभिवादनें सांठविलीं. त्यांत मराठीहि आहे. जगांतील निवडक संगीतांत सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाईंचें निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, यान सुटल्यावर अवघ्या ११ दिवसांनीं झालें. त्यांचा स्वर मात्र अद्याप प्रवासांतच आहे.

परंतु तो ऐकणार कोण? सुमारें ४०,००० वर्षांनीं हें यान एका ताऱ्याजवळून जाईल. तेंहि दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतरावरून. पृथ्वीवर कोट्यवधि लोक अर्धपोटीं असतां हा खटाटोप कशाला, असें व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं, आणि कोणतेंहि यंत्र त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं.

तथापि एक घटना विचारांत घेण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९२३ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या नोव्हेंबर २०२३ मध्यें, यानाकडून अर्थहीन संदेश येऊं लागले. स्मृतियंत्राचा एक लहानसा भाग निकामी झाला होता. यान घडविणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण निवृत्त झाले होते, कित्येक दिवंगत झाले होते. त्यांच्या मागून आलेल्यांनीं अनेक दशकांपूर्वींचीं टिपणें चाळलीं, आज्ञावलीचे तुकडे करून ते अन्यत्र बसविले, आणि प्रत्येक आज्ञेच्या उत्तरासाठीं जवळ जवळ दोन दिवस वाट पाहिली. एप्रिल २०२४ मध्यें यान पुन्हा सुबोध बोलूं लागलें.

हेतूचा कांहीं उलगडा येथें होतो. अल्लादिया खाँसाहेबांनीं १९४६ सालीं देह ठेवला. त्यांनीं दिलेली विद्या केसरबाईंच्या कंठांतून पुढें गेली. पूर्वजांचें अपुरें काम हातीं घ्यावें, तें निष्ठेनें सांभाळावें, आणि ज्यांचें मुख कधीं पाहावयाचें नाहीं अशांच्या हवालीं करावें, यांतच मनुष्याच्या श्रमाला अर्थ येतो. अर्धपोटीं मनुष्याला अन्न मिळवून देणें हेंहि असेंच पिढ्यान्‌पिढ्यांचें काम आहे. दोहोंना लागणारी चिकाटी एकच.

यानाची वीज वर्षानुवर्षें घटत आहे. एके दिवशीं प्रेषक मुका होईल. मुद्रिका मात्र पुढें जातच राहील, आणि तिच्यावर मराठींतील एक अभिवादन असेल.