स्पेनचा पाडाव आणि धर्मांतरितांची साक्ष



इ. स. ७११ साली तारिक इब्न झियाद याचे सैन्य आफ्रिकेतून समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरले. गॉथ राजा रॉडरिक लढाईत पडला आणि थोड्याच वर्षांत ते ख्रिस्ती राज्य नामशेष झाले. गादीचे भांडण होतेच. परंतु मी वकील असल्यामुळे प्रथम त्या राज्याचा कायदा उघडून पाहतो.

६१६ च्या सुमारास राजा सिसेबुट याने ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावले. धर्म बदलल्यावर तरी ते इतरांच्या बरोबरीचे व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. ६५४ सालच्या संहितेने ठरविले की, ज्यूने, मग तो बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्त्याविरुद्ध साक्ष देऊ नये. त्याच्या मुलानातवांनाही वर्तनाची खात्री पटवून द्यावी लागे. ज्याची साक्ष चालत नाही त्याचे शेत कोणीही बळकवावे, त्याला कोणीही मारावे! पुढे ६९४ साली तोलेदोच्या धर्मपरिषदेने ज्यूंना गुलाम ठरविले आणि सात वर्षांची मुले आईबापांपासून तोडण्याची आज्ञा दिली. जिंकलेल्या शहरांच्या पहाऱ्यावर मुसलमानांनी ज्यू ठेवले, असे अरबी इतिहासकार लिहितात. यात नवल कसले?

म्हणून जेत्यांना मुक्तिदाते समजू नका. ७१३ साली थिओडेमिर या ख्रिस्ती सरदाराशी झालेला तह उपलब्ध आहे. कोणाला ठार मारणार नाही, बायकामुलांपासून तोडणार नाही, धर्माची सक्ती करणार नाही, चर्च जाळणार नाही, अशी त्यातील अभिवचने आहेत. मोबदला म्हणून दरसाल माणशी एक दिनार, शिवाय गहू, जव, मध, तेल, गुलामामागे निम्मे. जुन्या संहितेपेक्षा हा कागद निःसंशय माणुसकीचा आहे. तथापि हे संरक्षण आहे, समता नव्हे.

आता खरी कसोटी पाहा. तारिकच्या सैन्यात बहुसंख्य बर्बर होते, नुकतेच मुसलमान झालेले. चांगल्या जमिनी मात्र अरबांकडे गेल्या. मुसलमान झालेल्यांकडून जिझिया घेऊ नये, असा हुकूम खलिफा दुसरा उमर (७१७–७२०) याला काढावा लागला. त्याच्या पश्चात आफ्रिकेतील सुभेदाराने तो कर पुन्हा लादला व तो मारला गेला. ७४० साली बर्बरांनी उघड बंड केले.

(आपल्याकडेही १९५६ साली बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींत स्थान मिळावयास १९९० साल उजाडले. धर्म बदलला तरी शतकांचे दारिद्र्य त्या दिवशी संपत नाही, हे ओळखावयास कायद्याला ३४ वर्षे लागली.)

स्पेनमध्ये मुसलमान झालेल्या स्थानिकांच्या वंशजांना ‘मुवल्लद’ म्हणत. पिढ्या लोटल्या तरी हे वेगळे नाव सुटले नाही. त्यांच्यातीलच उमर इब्न हफसून ८८० च्या सुमारास बोबास्त्रोच्या डोंगरी किल्ल्यावर उभा राहिला. तो मेल्यावरही लढा थांबला नाही. किल्ला पडला तो ९२८ साली.