बॅगेचं चाक

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही व्याख्याता नाही. नागपूरला डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि रुळांवर चालता चालता इथे बिलासपूरला पोहोचलो. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "परदेशातल्या कामाबद्दल बोला." कामाबद्दल दोन वाक्यांतच सांगतो. मलेशियात सेरेंबान ते गेमास या सुमारे शंभर किलोमीटर मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण आपल्या इरकॉनने केलं. डेप्युटेशनवर मी तिथे होतो आणि 2013 च्या जूनमध्ये परत आलो. आज सांगायचं आहे ते त्या परतीबद्दल.

पण सुरुवात 2011 पासून करावी लागेल. चिरंजीवांचा जन्म नागपूरचा. तो पाच महिन्यांचा झाल्यावर आमची सौ. त्याला आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन एकटी क्वालालंपूरला आली. नागपूरहून मुंबई, तिथून पुढे रात्रीचं विमान. मी विमानतळावर घ्यायला गेलो. दोन मुलं, चार बॅगा आणि ती बाहेर आली. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बॅगेचं चाक कसं तुटलं?" ती काहीच बोलली नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांनी गावाकडे आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. माझा हँडओव्हर बाकी होता, म्हणून सौ. तातडीने पुढे गेली. तीन आठवडे शेजारच्या तमिळ ताईंनी दिवसा मुलं सांभाळली. त्यांचे उपकार विसरणं शक्य नाही. मग मी मुलांना घेऊन निघालो. मुलगी पाच वर्षांची, मुलाला नुकती दोन पूर्ण झालेली, म्हणजे त्याचंही स्वतंत्र तिकीट.

आपण रेल्वेवाले. ब्लॉक घ्यायचा तर मटेरियल आदल्या दिवशी साइटवर आणि प्रत्येक मिनिटाचा हिशोब कागदावर. तसाच कागद मी केला. विमानतळावर पहिल्या अर्ध्या तासातच तो निकामी झाला. सुरक्षा तपासणीला ढकलगाडी घडी करायला दोन हात लागतात आणि माझ्या एका हातात झोपलेला मुलगा. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, शू." आता तिला पुरुषांच्या बाजूला न्यायचं की बायकांच्या बाजूला एकटीला पाठवायचं? माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. सफाई करणाऱ्या एका मलय बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि तिला हाताला धरून आत नेलं. ती दोन मिनिटं मी दाराकडे बघत उभा होतो.

चेन्नईपर्यंत चार तास. विमान उतरू लागलं तसा मुलगा कान धरून किंचाळायला लागला. दुधाची बाटली मी हुशारीने मोठ्या बॅगेत टाकली होती, ती विमानाच्या पोटात. मागच्या आजीबाई म्हणाल्या, "काहीतरी गिळू द्या त्याला." घोट घोट पाणी पाजलं, मग कान मोकळे झाले.

संध्याकाळी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस. गाडीत बसलो आणि वाटलं, आता आपलं राज्य! बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा मुलगी रडत होती, "मकान, मकान!" आणि भोपाळला जाणारं एक कुटुंब तिला समजावत होतं, "आ जाएगा बेटा, घर आ जाएगा." मंडळी, मलय भाषेत 'मकान' म्हणजे जेवण! बालवाडीत शिकलेला शब्द. पोरगी दुपारपासून भुकेली होती आणि बाप घोरत होता. त्या कुटुंबाने डबा उघडला. पुरी आणि बटाट्याची भाजी दोघांनी खाल्ली. मला मात्र घास गिळेना. पाच महिन्यांचं बाळ मांडीवर आणि तीन वर्षांची पोर शेजारी, अशा रात्री सौ.ने स्वतः काय खाल्लं असेल, तिला डुलकी तरी घेता आली असेल का, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आई वॉकर धरून दारात उभी. मुलगा तिला बघून माझ्या पायामागे लपला. आई एवढंच म्हणाली, "काहून रे बाबू, लेकरं उपाशी आणली का?" मग मुलं रोज पहाटे साडेतीनला उठायची, कारण तिथले सहा वाजलेले. आईलाही दुखण्याने झोप नसायची. त्या अंधारात आजी-नातवंडांची ओळख झाली. तिथली लाइन मीटरगेज, आपली ब्रॉडगेज. घरातलं गेज कन्व्हर्शन आईने वॉकर धरून केलं.

त्या रात्री मी सौ.ला म्हणालो, "चाकाचं विचारायला नको होतं." ती म्हणाली, "आठवलं का आता?" म्हणजे तिच्या लक्षात होतं.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-सुना परदेशात आहेत, काही तरुण सहकारी डेप्युटेशनवर जातील. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दूध, औषध आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. तपासणीत बाळाच्या दुधाला सवलत असते. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण एका मोठ्या माणसाबरोबर एकच. आई किंवा वडील सोबत नसतील तर त्यांच्या सहीचं संमतिपत्र जवळ असू द्या. लसीकरणाचं कार्ड सामानात टाकू नका.

आणि विमानतळावर घ्यायला जाल तेव्हा बॅगा नंतर मोजा. आधी मूल कडेवर घ्या आणि विचारा, "तू जेवलीस का?"

आज मुलगी बारावी झाली आहे. 'मकान'चा किस्सा सांगितला की लाजते. आरतीची वेळ झाली, थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!