एका मापाचे नकाशे
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील सरपंच, शिक्षक आणि महसूल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



जमीनमोजणीच्या इतिहासात इंदापूरचे नाव ठळक आहे. प्रिंगलची मोजणी व आकारणी फसल्यानंतर १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीस प्रारंभ केला, तो याच तालुक्यात. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. जुन्या गावनकाशांवर अनेकदा एका इंचास २० साखळ्या, म्हणजे मैलाला ८ इंच, असे प्रमाण आढळते. गाव दोन कागदांवर मावो की सहा कागदांवर, प्रमाण बदलत नसे. म्हणूनच कागद शेजारी मांडले की बांधाला बांध जुळे.

आज गटाचा नकाशा संगणकावरून छापून मिळतो. ही मोठीच सोय आहे. परंतु संगणकाला मोकळे सोडले तर तो प्रत्येक गट पानभर करून छापतो. दहा गुंठ्यांचा तुकडा पानभर आणि दहा एकरांचे शेतही पानभर! अशी चाळीस पाने वाटणीसाठी किंवा शिवरस्त्यासाठी ग्रामसभेपुढे ठेवली, तर पाहणाऱ्याने तुलना करावी तरी कशी? डोळ्यांना सर्व हिस्से सारखेच दिसतात आणि तंट्याला तेथूनच तोंड फुटते.

तेव्हा प्रमाण आधी ठरवावे, पान मागाहून. समास सोडून नेहमीच्या ए-४ कागदावर १८ × २५ सेंटिमीटर जागा उरते. १:१००० या प्रमाणात तिच्यात १८० × २५० मीटर, म्हणजे साडेचार हेक्टर क्षेत्र मावते. शेत त्याहून मोठे असेल तर ते आकसू नये. दोन पानांवर घ्यावे, जोडावर सेंटिमीटरभर पट्टी दोन्हीकडे छापावी आणि कोणते पान कोठे बसते हे दाखवणारा छोटा नकाशा प्रारंभी द्यावा. उत्तर दिशा सर्व पानांवर वरच असावी.

इतके करूनही छपाईयंत्र दगा देते. 'पानात बसवा' अशी आज्ञा राहून गेली की ते गुपचूप नकाशा थोडा लहान करते. लांबी शंभराची सत्त्याण्णव झाली, तर क्षेत्र शंभराचे चौऱ्याण्णव होते. कागदावर मोजू गेल्यास हेक्टरामागे जवळजवळ सहा गुंठे नाहीसे! उसाच्या पट्ट्यात सहा गुंठ्यांसाठी भाऊ भावाशी बोलत नाही, हे मी आपणांस सांगावयास नको. झेरॉक्सवरही हेच घडते. 'प्रमाण १:१०००' ही अक्षरे मात्र तशीच राहतात, आणि ती आता खोटी असतात.

यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक पानावर, केवळ पहिल्याच नव्हे, १० सेंटिमीटरची प्रमाणरेघ छापावी. नकाशा आकसला तर रेघही आकसते. शाळेतली फूटपट्टी लावली की चोरी उघड होते. गुरुजनांनी हे काम सातवीच्या मुलांकडून करून घेतले, तर प्रमाण व गुणोत्तराचा पाठही आपोआप होईल.

एक खुलासा करतो. अशी छापील पाने चर्चेसाठी आहेत. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करून 'क' प्रतच घ्यावी लागते. आणि दप्तरातील जुना नकाशा उतरवून घेताना त्याचीही प्रमाणरेघ प्रथम तपासावी. वर्षानुवर्षे घडी पडलेला कागद स्वतःही थोडा आकसलेला असतो.