तान्ह्या बालकाची निद्रा

बाळंतिणीच्या खोलीविषयी पुरुषाने बोलावे काय, अशी शंका काहींस येईल. परंतु आमच्याच घरी गोधडी तोंडावर सरकून आमचा नातू गुदमरू लागला होता. सौभाग्यवतींचे लक्ष वेळीच गेले म्हणून अनर्थ टळला. ती गोधडी मायेने आम्हीच घातली होती!

तोंडावर आलेले पांघरूण दूर करण्याचे बळ तान्ह्या बालकास नसते. म्हणून पहिले वर्षभर त्यास उताणेच निजवावे. पालथे वा कुशीवर निजवू नये. गादी सपाट व घट्ट भरलेली असावी. डोके वाटोळे व्हावे म्हणून ठेवावयाची मोहरीची उशी, लोड, दुलई यांपैकी काहीही जवळ नसावे. इंग्लंडात १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली उताणे निजविण्याचा प्रचार सुरू झाला. पुढील काही वर्षांत निद्रेत अकस्मात दगावणाऱ्या बालकांची संख्या सुमारे निम्म्याने घटली.

कोंदट खोलीतील धुरी, नाकात तेल, डोळ्यांत काजळ आणि वर्षाच्या आत मधाचे बोट, हेही वर्ज्य समजावे.

वडीलधाऱ्यांची माया आम्हांस वंद्यच आहे. तिला ज्ञानाची जोड द्यावी, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.